जॉइंट आधी, चेहरा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या वर्षभरात मार्व्हल आणि स्टार वॉर्सच्या सहा इंची फिगर, म्हणजे सांधे (जॉइंट) हलवता येणाऱ्या पात्रांच्या बाहुल्या, जमल्या आहेत, आता त्यांचे रिव्ह्यू मराठीत लिहायचे आहेत. फिगर चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं? खोकी फोडायची की जपायची? मुंबईच्या हवेत त्या टिकवायच्या कशा? आणि न्यू जर्सीच्या मामांकडे केनर कंपनीच्या जुन्या स्टार वॉर्स फिगरचा डबा पडून आहे, तो आणावा का?

डबा नक्की आणा. आणण्याआधी मामांना काय सांगायचं ते शेवटी लिहितो. बाकीच्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. फिगर घ्यायची ती हलवण्यासाठी, पोझ देण्यासाठी. त्यामुळे कोणता भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे आणि तो शेजारच्या भागाला कसा जोडला आहे, यावर तिची किंमत आणि तिचं आयुष्य ठरतं. चेहरा नटासारखा दिसतो का, हे दुकानदाराच्या फोटोतही कळतं. घोटा सहा महिन्यांनी वजन पेलेल का, हे फक्त ती हाताळणारा माणूस सांगू शकतो. वाचक तुमच्याकडे यासाठी येणार आहे.

आधी मापाबद्दल बोलतो, कारण तुलना करताना नवे लिहिणारे बहुतेक तिथेच घसरतात. १९७०च्या दशकात सुपरहिरो फिगर म्हणजे मेगो कंपनीचे आठ इंची, कापडी कपडे घातलेले हिरो. मे १९७७ मध्ये स्टार वॉर्स लागला तेव्हा केनरकडे दुकानात ठेवायला एकही फिगर तयार नव्हती. म्हणून त्या नाताळात त्यांनी पुठ्ठ्याचं एक चपटं पाकीट विकलं. आत फिगर मांडायचा पुठ्ठ्याचा देखावा, स्टिकर आणि एक कुपन. कुपन पाठवलं की १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू पोस्टाने घरी यायचे. लोकांनी ते पाकीट घेतलं, यातच त्या सिनेमाचं वेड कळतं. पण केनरचा खरा महत्त्वाचा निर्णय होता तो पावणेचार इंचांचा. आठ इंची माणूस बसेल एवढं मिलेनियम फाल्कन हे सिनेमातलं यान बनवलं असतं तर ते ना कुणाला परवडलं असतं, ना घरात मावलं असतं. माप लहान केल्यामुळे अंतराळयानं, तळ, प्राणी, सगळं विकता आलं. जॉइंट मात्र पाचच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. हॅस्ब्रोने १९८२ मध्ये जी. आय. जो याच मापात आणला तेव्हा कोपर आणि गुडघे वाकायला लागले, आणि धड व पाय आतल्या एका रबरी रिंगने एकत्र धरले गेले. म्हणूनच त्या काळची जी. आय. जो फिगर कमरेतून दोन तुकडे होऊन सापडली तर ती मोडलेली समजू नका. रिंग तुटलेली असते, नवी घालता येते.

या संदर्भात आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलने भारतात जी. आय. जो बनवले, लिओने मॅटेलच्या परवान्यावर ही-मॅनच्या फिगर बनवल्या. फनस्कूलच्या काही फिगरचे रंग अमेरिकन आवृत्तीपेक्षा अगदी वेगळे होते, आणि नेमकं त्यामुळेच अमेरिकेतले संग्राहक त्या पुढे शोधू लागले. दादर, पार्ल्याच्या जुन्या घरांमध्ये माळ्यावर असं काही निघालं तर ते रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका, आणि तुम्ही त्यावर लिहाच. या मालाबद्दल इंग्रजीत परदेशी लोकांनी बरंच लिहिलं आहे. ज्यांनी तो लहानपणी हातात घेतला त्यांनी मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही.

तुम्ही जमवताय ते सहा इंची माप रुळलं टॉय बिझच्या मार्व्हल लेजेंड्समुळे, २००२ मध्ये. २००७ पासून तो परवाना हॅस्ब्रोकडे आहे आणि २०१३ मध्ये त्यांनी स्टार वॉर्सची ब्लॅक सिरीज त्याच मापात सुरू केली. जपानमध्ये बंदाईची एस. एच. फिगरआर्ट्स २००८ पासून निघते. तीही साधारण याच मापाची, पण अंगाने बारीक आणि उंचीला बहुतेक वेळा थोडी कमी. मॅकफार्लेनने २०२० पासून डीसीचे हिरो सात इंचांत काढायला घेतले, त्यामुळे त्यांचा बॅटमॅन हॅस्ब्रोच्या स्पायडरमॅनशेजारी राक्षसासारखा उंच दिसतो. नेकाचे एलियन आणि प्रेडेटरही सात इंची कुळातले. म्हणून प्रत्येक रिव्ह्यूत एक फोटो शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या फिगरचा हवाच, आणि उंची पट्टीने मोजून सेंटिमीटरमध्ये द्या. खोक्यावर लिहिलेलं सहा इंच हे कुळाचं नाव असतं, त्या फिगरची उंची नव्हे.

आता जॉइंट. नवी फिगर खोक्यातून काढली की मी तिला लगेच पोझ देत नाही. प्रत्येक जॉइंटला बोटाने हलका दाब देऊन तो मोकळा आहे का एवढंच बघतो. कारखान्यात रंग पुरता वाळायच्या आधी भाग जोडले गेले तर आतली खुंटी आणि खाच एकमेकांना चिकटतात. अशा जॉइंटला जोर लावला की तो फिरल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात आत खुंटी पिळवटत असते. प्लास्टिकवर पांढुरका पट्टा उमटायला लागला की त्या क्षणी हात थांबवा. वाटीत गरम पाणी घ्या, उकळतं नको. तो भाग अर्धा-एक मिनिट बुडवून ठेवा, मग फडक्यात धरून दोन्ही बाजूंना थोडा थोडा हलवा. पीव्हीसी, म्हणजे हातपायांचं मऊ प्लास्टिक, आणखी मऊ पडतं आणि रंगाचा चिकटा सुटतो. डोकं किंवा पंजा बदलताना निघत नसेल तरी हाच उपाय. आत दिवा किंवा बॅटरी असेल तर पाणी नको, हेअर ड्रायर वापरा. जॉइंट घट्टच राहिला तर शुद्ध सिलिकॉन ऑइलचा एक थेंब पुरतो. ट्रेडमिलच्या पट्ट्याला लावायचं तेल म्हणून ते सहज मिळतं, फक्त बाटलीवर शंभर टक्के सिलिकॉन लिहिलंय ना ते बघून घ्या. शिवणयंत्राचं तेल लावू नका. पेट्रोलियमपासून बनलेली तेलं काही प्लास्टिकांना हळूहळू तडे पाडतात.

ढिल्या जॉइंटचं उलट. खुंटीवर पाण्यात मिसळणारं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक व्हार्निश पातळ लावायचं, चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं ते. रात्रभर वाळू द्यायचं आणि वाळताना अधूनमधून जॉइंट हलवत राहायचं, म्हणजे तो जाम होत नाही. नेलपॉलिश लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात, तो मला अजिबात मान्य नाही. त्यातले द्रावक एबीएसला, म्हणजे फिगरमधल्या कडक प्लास्टिकला, खातात. मनगटाची खुंटी खोबणीत सैल असेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळली तरी काम भागतं.

लिहिताना मात्र जॉइंट मोजून थांबू नका. किती जॉइंट आहेत हा आकडा खोक्यावर छापलेला नसला तरी कुणीही मोजू शकतो, आणि त्यातून काही कळत नाही. त्या पात्राला काय करता यायला हवं, हे आधी ठरवा. स्पायडरमॅनला उकिडवं बसता आलं पाहिजे: गुडघा छातीपर्यंत यायला हवा, पाऊल तरीही जमिनीला टेकायला हवं. तिथे दुहेरी (दोन जागी वाकणारा) गुडघा आणि खांदा पुढे ओढता येणारा जॉइंट नसेल तर मी ती फिगर नापास करतो, चेहरा कितीही सुबक असो. सुपरमॅन किंवा आयर्न मॅन आडवा उडत असताना समोर बघू शकला पाहिजे, म्हणजे सगळा भार मानेवर. मान मागे किती जाते याचा फोटो बाजूने काढा. डार्थ व्हेडरचा गुडघा किती वाकतो याला फारसं महत्त्व नाही. त्याचा झगा मांड्यांना अडवतो का, आणि दोन्ही हातांनी लाइटसेबर धरता येतं का, हे पाहायचं. हल्क किंवा थॅनॉससारख्या जड फिगरमध्ये मांडीचा जॉइंट वजन धरतो का, एवढ्यावर निकाल लागतो. आणि सगळ्यांसाठी एक सोपी परीक्षा: पाय रुंद फाकवून उभी करा आणि दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतात का बघा. टेकत नसतील तर घोट्याला बाजूला कलणारा जॉइंट नाही किंवा तो अपुरा आहे, आणि ती फिगर शेल्फवर सारखी पडणार.

प्लास्टिकचा प्रकार रंगातही दिसतो. धडासाठी कडक एबीएस आणि हातपाय, केस, केप यांसाठी मऊ पीव्हीसी अशी विभागणी साधारण असते. एकच निळा रंग दोन्हींमध्ये मिसळला तरी डोळ्याला तो दोन छटांचा दिसतो. म्हणून फिगर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात धरा आणि कोपराच्या वर आणि खाली रंग सारखा आहे का बघा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हा फरक लपतो. गुडघ्याच्या खिळ्याचं टोक वेगळ्या रंगात दिसत असे, अलीकडे हॅस्ब्रोने बऱ्याच फिगरमध्ये खिळा आत झाकला आहे. तसा आहे की नाही हे नोंदवा. चेहऱ्यावर आता बहुतेक ठिकाणी डोळे-भुवया डिजिटल छपाईने येतात. ती छपाई एखाद्या मिलिमीटरने सरकली तरी माणूस तिरळा दिसतो, आणि हे प्रत्येक नगात वेगळं असतं. तुमच्या हातातल्या एका नगावरून सगळ्या मालाबद्दल निकाल देऊ नका. डोळे सरकलेले आहेत असं लिहा, आणि दुकानात निवडून घेता येत असेल तर निवडा असंही लिहा. २०२२च्या सुमाराला हॅस्ब्रोने खिडकी नसलेली कागदी खोकी आणली होती तेव्हा हे निवडणंच बंद झालं होतं, पुढे खिडकी परत आली. संग्राहकांच्या तक्रारीत तथ्य होतं असं माझं मत आहे.

रिव्ह्यू केव्हा लिहायचा? खोकं फोडल्याच्या दिवशी फोटो काढून ठेवा, पण निकाल महिनाभर थांबवा. एका पोझमध्ये ती शेल्फवर उभी राहू दे. एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ प्लास्टिकचे घोटे वजनाखाली वाकतात, विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच, आणि रात्रीतून अख्खी रांग आडवी होते. हे पहिल्या दिवसाच्या रिव्ह्यूत कधीच येत नाही. दहापैकी किती, असे गुण देऊ नका असा माझा आग्रह आहे. साडेसातमधून वाचकाला काही कळत नाही, "उभी राहते पण धावण्याची पोझ धरत नाही" यातून लगेच कळतं. किंमत लिहिताना ड्यूटी आणि पोस्टेजसकट हातात किती रुपयांना पडली ते लिहा. मार्व्हल लेजेंड्समध्ये २००५च्या गॅलॅक्टसपासून बऱ्याच फिगरबरोबर एका मोठ्या फिगरचा एकेक तुकडा यायला लागला, सगळे जमवले की ती मोठी फिगर जोडता येते. एखादी फिगर केवळ त्या तुकड्यासाठी घ्यावी लागत असेल तर ते स्पष्ट सांगा. दुकानदाराने किंवा कंपनीने फुकट दिली असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा, तळाशी बारीक अक्षरांत नको.

खोकं फोडायचं की नाही यावर फार वाद घालण्यासारखं काही नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याने फोडायचंच. शिवाय आपल्या हवेत बंद खोक्यातली फिगर सुरक्षित असते हा गैरसमज आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतं, फिगर चिकट लागते आणि तिच्यावर धूळ बसते. हवा न खेळणाऱ्या पेटीत हे जास्त जाणवतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मऊ केप किंवा रबरी टायर कडक प्लास्टिकला महिनोन्महिने चिकटून ठेवू नका. तेच प्लास्टिसायझर शेजारच्या प्लास्टिकवर कायमचा डाग पाडतं, कधीकधी खड्डाही.

सर्वांत जास्त काळजी हवी ती कृत्रिम चामड्याचे कपडे घातलेल्या बारा इंची महागड्या फिगरची, हाँगकाँगच्या हॉट टॉइजने लोकप्रिय केलेल्या प्रकारची. त्या जॅकेटांवरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. आधी बारीक भेगा पडतात, मग पापुद्रे सुटतात. यावर इलाज नाही, फक्त लांबवता येतं: काचेचं बंद कपाट, आत ओल शोषणारं सिलिका जेल, पावसाळ्यात ते दर काही आठवड्यांनी बदलायचं किंवा तापवून पुन्हा वापरायचं, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही. मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्याने अशी फिगर घेताना कपडे कापडी आहेत की चामड्यासारखे, हा प्रश्न चेहऱ्याच्याही आधी विचारावा. बॅटरी वापरून झाली की काढून ठेवा, ओल आली की ती लवकर गळते. ऊन थेट लागू देऊ नका. पांढरं आणि पारदर्शक प्लास्टिक सगळ्यांत आधी पिवळं पडतं.

खरेदीबद्दल थोडक्यात. भारतात खेळण्यांवरची आयात ड्यूटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. त्यामुळे अधिकृत माल कमी येतो, महाग येतो, आणि त्या पोकळीत नकली माल शिरतो. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत दिसणाऱ्या बऱ्याच सुपरहिरो फिगर त्यातल्या असतात. ओळखायला तळपाय किंवा मांडीची मागची बाजू बघा: खऱ्या फिगरवर कॉपीराइटचा मजकूर आणि देशाचं नाव बारीक पण स्वच्छ उमटलेलं असतं. नकलीवर ते नसतं किंवा पुसट असतं, कारण साचा मूळ फिगरवरून घेतलेला असतो. नकली कमी किमतीत घेऊन मुलांना खेळायला देणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण त्या मालाच्या रंगात काय आहे कुणी तपासलेलं नसतं, म्हणून लहान मुलाच्या तोंडात जाईल अशी नकली फिगर घरात आणू नका.

आता मामांचा डबा. त्यांना सांगा, धुऊ नका, पुसू नका, जसं आहे तसं राहू दे. आर-टू-डी-टूच्या अंगावरची नक्षी म्हणजे गुंडाळलेलं स्टिकर आहे, पाणी लागलं की उचललं जातं. सी-थ्रीपीओची सोनेरी झिलई हा धातूचा अतिशय पातळ थर आहे, फडक्याने घासला की कायमचा जातो. प्रत्येक फिगरच्या पायाचा मागून फोटो मागवा. पहिल्या बारा फिगरवर १९७७ साल दिसेल. ते कॉपीराइटचं साल आहे, त्या दुकानात आल्या १९७८ मध्ये, त्यामुळे साल बघून नकली समजू नका. डब्याच्या तळाशी काडीएवढ्या काळ्या बंदुका पडलेल्या असतील, त्या वेगळ्या पाकिटात भरून घ्या. फिगर हजारो घरांत टिकल्या, शस्त्रं हरवली, म्हणून किंमत शस्त्रांना आहे आणि नकलाही त्यांच्याच झाल्या. मूळ शस्त्र पाण्यावर तरंगतं आणि नक्कल बुडते असं सांगतात. जुन्या नकलांपुरतं ते ठीक होतं, नव्या नकला तरंगतात, म्हणून त्यावर विसंबू नका. हात रिकामा असेल तर रिकामाच राहू दे, आणि नक्कल लावलीच तर रिव्ह्यूत तसं लिहा. पिवळा पडलेला स्टॉर्मट्रूपर पेरॉक्साइड लावून पांढरा करायचा मोह होईल. पुढे कधी विकणार असाल तर करू नका, आणि केलाच तर घेणाऱ्याला सांगणं तुमच्यावर आहे.

विमानात डबा हाताच्या सामानात आणायला सांगा, प्रत्येक फिगर सुती कापडात वेगळी गुंडाळून. लेया, व्हेडर आणि ओबी-वान यांच्या केप व्हायनलच्या आहेत आणि इतक्या वर्षांत कडक झालेल्या असतील. हातांसाठी ठेवलेल्या भोकांपाशी त्या फाटतात, तेव्हा फोटोसाठीसुद्धा कुणाला त्या काढू देऊ नका.